मोठ्या जातीचा प्रौढ कुत्रा दत्तक घेताना: पहिल्या भेटीपासून दोरी सोडण्यापर्यंत

जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, डॉबरमन, बॉक्सर, हस्की, रॉटवायलर, डाल्मेशियन. जाती वेगवेगळ्या, पण आश्रयगृहात येण्याची त्यांची वाट बहुतेकदा एकच असते. हौसेने आणलेले पिल्लू वर्षभरात तीस-पस्तीस किलोंचे होते, फिरायला नेताना माणसाला फरफटत नेते, एकटे राहिले की दार कुरतडते, आणि मग 'आता झेपत नाही' म्हणून सोडले जाते. तुम्ही ज्याला बघायला जाणार आहात तो कुत्रा वाईट असेलच असे नाही. अंगात ताकद आली, पण ती आवरायला कोणी शिकवले नाही, एवढीच अनेकांची गोष्ट असते.

अशा कुत्र्याला घरी आणल्यावर लोक पहिल्या दिवसापासून त्याला दमवायला लागतात. लांब फेऱ्या, चेंडू, पाहुणे, शेजारचे कुत्रे, नवे रस्ते. दमला की शांत होईल हा हिशेब. प्रत्यक्षात तो आणखी तारवटतो, कारण त्याला थकव्यापेक्षा ताण जास्त आलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सुरक्षितता, मग झोप, मग ठरलेला दिनक्रम, आणि व्यायाम व शिकवण त्यानंतर. त्याचे जग सुरुवातीला लहान ठेवायचे आणि तो सावरेल तसे वाढवायचे. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने आहेत.

प्रौढ म्हणजे नेमके काय मिळते

मोठ्या जातींची हाडे साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत वाढत असतात आणि स्वभाव पक्का व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे तीन वर्षांचा कुत्रा घेताना त्याची उंची, वजन, केसांचा प्रकार, खुब्यांची अवस्था, अनोळखी माणसांबद्दलची वृत्ती या गोष्टी समोर दिसतात. पिल्लू घेताना यातले जवळजवळ सगळे अंदाजावर असते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. पिंजऱ्यात दिसतो तो त्याचा पूर्ण स्वभाव नव्हे. कोपऱ्यात गप्प पडून राहणारा कुत्रा शांत स्वभावाचा असेल किंवा भीतीने आत मिटून गेलेला असेल. जाळीवर उड्या मारून भुंकणारा कुत्रा बाहेर मोकळ्या हवेत आला की दहा मिनिटांत माणसाच्या पायाशी बसू शकतो. पिंजऱ्यासमोर उभे राहून निर्णय घेऊ नका.

जात बघताना रूपापेक्षा ती कोणत्या कामासाठी जोपासली गेली ते बघा. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर शिकार उचलून आणणारे, म्हणून त्यांच्या तोंडात सतत काहीतरी लागते. शेफर्ड आणि मॅलिन्वा कळप राखणारे, म्हणून पळणाऱ्या मुलांच्या आणि सायकलींच्या मागे लागतात, टाचांना तोंड लावतात आणि प्रत्येक आवाजाची दखल घेतात. हस्की बर्फात गाडी ओढत मैलोन्‌मैल पळणारा; कुंपण त्याच्यासाठी सोडवायचे कोडे असते. पॉइंटर आणि वायमरनर दिवसभर माळरान पालथे घालणारे. आकार आणि दम यांचा थेट संबंध नाही, हेही लक्षात ठेवा: ग्रेट डेन उंचीने सगळ्यांवर मात करतो, पण दिवसभराच्या धावपळीची त्याची गरज मॅलिन्वाच्या पासंगालाही पुरत नाही. घरात कोणाला पहाटे तासभर बाहेर पडणे जमणार नसेल, तर मॅलिन्वा घेऊ नये. त्याचा स्वभाव कितीही गोड असला तरी नाही.

भेटीत काय विचारायचे, काय बघायचे

संस्थेला थेट प्रश्न विचारा. कुत्रा इथे कसा आला? किती दिवस झाले? घरात राहिला आहे का? लहान मुले, मांजर, दुसरे कुत्रे यांच्यासोबत त्याला कोणी पाहिले आहे, की नुसता अंदाज आहे? खाताना कोणी जवळ गेले तर काय करतो? एकटा राहतो का? गडगडाट, फटाके, बंद जागा यांना घाबरतो का? नसबंदी, लसी, जंतांचे औषध, कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप यांचे कागद आहेत का?

कधी चावला आहे का, हे विचारायला संकोचू नका. आणि उत्तर 'हो' आले तर तपशील मागा. कोणाला, कुठे, किती वेळा, कातडी फाटली का, धरून ठेवले का, त्याआधी काय घडले. झोपेत कान ओढणाऱ्या मुलावर हवेत झडप घालणे वेगळे आणि वेगवेगळ्या माणसांना खोलवर, पुन्हापुन्हा चावणे वेगळे. पस्तीस किलोंच्या कुत्र्याच्या जबड्याचा हिशेब छोट्या कुत्र्यासारखा करता येत नाही. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने दुसऱ्या प्रकारचा कुत्रा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भेटी किमान दोन घ्या, वेगवेगळ्या वेळी. घरात आधीपासून कुत्रा असेल तर तिसरी भेट त्याला घेऊन, मोकळ्या मैदानावर. प्रत्येक भेटीत कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर काढून वीस-तीस मिनिटे नुसते चालू द्या, हुंगू द्या. तो जरा निवळला की या चार गोष्टी बघा:

- जमिनीवर खाऊ टाका. खातो का? मऊ, वासाचा खाऊही तोंडात घेत नसेल तर ताण फार आहे. आज काही ठरवू नका.
- बाजूने खांद्यावर हात फिरवा आणि तीन सेकंदांनी थांबा. तो पुन्हा हाताशी येतो, तसाच उभा राहतो की दूर होतो?
- काही अंतरावर किल्ल्यांचा जुडगा पाडा. दचकला तर हरकत नाही. किती वेळात सावरतो ते महत्त्वाचे. अर्ध्या मिनिटात येऊन वास घेतला तर छान. पाच मिनिटांनीही थरथरत असेल तर गजबजलेल्या घरात त्याचे हाल होतील.
- पंधरा-वीस मीटरवरून दुसरा कुत्रा जाऊ द्या. बघितल्यावर हाक किंवा खाऊने त्याची मान वळते का?

ताण ओळखायच्या खुणा आधी शिकून जा: खायला काही नसताना जिभल्या चाटणे, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरके बघणे, शेपूट पायात, कान मागे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अचानक ताठ होऊन थिजणे. शेपूट हलते म्हणजे खूश आहे असे नाही. ताठ, उंच धरलेली, भरभर हलणारी शेपूट ही सूचना असते.

काही संस्था दोन-तीन आठवडे सांभाळायला देऊन मग कागद करतात. ती सोय असेल तर घ्याच.

सामान आणि घर

कुत्रा येण्याआधी घर तयार हवे, कारण निसटण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांत असतो. तुम्ही त्याच्यासाठी अजून परके असता. सुटला तर तो तुमच्याकडे येत नाही, तुमच्यापासून पळतो.

गळ्यात मार्टिंगेल पट्टा. ओढ बसली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो, त्यामुळे कुत्र्याला मागे सरकून डोके काढून घेता येत नाही आणि गळाही दाबला जात नाही. आवळलेल्या स्थितीत पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. शिवाय हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, छातीवर आणि पाठीवर अशा दोन कड्यांचा. दोरी छातीच्या कडीला असली, की ओढताच त्याचे अंग बाजूला वळते आणि जोर मोडतो. पहिला महिनाभर दोरी दोन्हीकडे अडकवा, एक कडी पट्ट्याला आणि एक हार्नेसला. एक सुटले तर दुसरे राहते. दोरी १.८ ते २ मीटर लांब, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, जाड पितळी किंवा पोलादी कडीची. आपोआप गुंडाळणारी दोरी या आकाराच्या कुत्र्याला वापरू नका; तिच्यावर कायम ताण राहतो, म्हणजे ओढत राहायचीच सवय लागते, आणि हँडल हातातून निसटले तर ते खडखडत मागे धावते आणि घाबरलेला कुत्रा आणखी पळतो.

त्याबरोबर ८ ते १० मीटरची लांब दोरी घ्या. ती फक्त हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची. गळ्याच्या पट्ट्याला लावली आणि कुत्रा वेगात टोकापर्यंत गेला तर मानेला गंभीर इजा होते. हातमोजे घाला आणि दोरीचे वळसे मनगटाला देऊ नका.

जाळीचे मुसके आधीच घेऊन ठेवा, गरज पडेल असे वाटत नसले तरी. त्यात तोंड उघडून धापता आले पाहिजे आणि पाणी पिता आले पाहिजे. आत मऊ खाणे चोपडून रोज दोनदा मिनिटभर तोंड घालायला लावले, तर दोन आठवड्यांत तो स्वतःहून तोंड पुढे करतो. दुखापत झाल्यावर दवाखान्यात ही सवय सोन्याची ठरते. दुखऱ्या अवस्थेत मायाळू कुत्राही चावतो.

घरात निसरडी फरशी असेल तर चालण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी पट्ट्या टाका. मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकले की खुबे आणि गुडघे दुखावतात. अंगणाचे कुंपण १.८ मीटर असावे आणि कुंपणालगत चढायला आधार देणाऱ्या वस्तू नसाव्यात. हस्कीसारखा खणणारा असेल तर कुंपणाच्या बुडाशी जाळी आडवी पुरावी. मुख्य दारापाशी आतून आणखी एक फाटक बसवा, म्हणजे दार उघडे आणि कुत्रा सुटा असे कधीच होणार नाही. क्रेट, म्हणजे घरात ठेवायचा दाराचा पिंजरा, घेणार असाल तर त्यात त्याला डोके न टेकता उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून आडवे होता यावे. बहुतेक मोठ्या जातींना १०५ ते १२० सेंटिमीटर लांबीचा लागतो.

पहिला दिवस आणि पहिले तीन आठवडे

आणायला दोघे जा. एक गाडी चालवेल, दुसरा कुत्र्याजवळ. दोरी अडकवलेली आणि हातात घट्ट धरलेली असल्याशिवाय गाडीचे दार उघडायचे नाही, हा नियम दोघांनीही पाळायचा. घरी पोचल्यावर थेट आत नेऊ नका. आसपास पंधरा मिनिटे हळू चालवा, शी-शू होऊ द्या, मग दोरीवरच घरात न्या. एक खोली दाखवा, पाणी दाखवा, अंथरूण दाखवा आणि त्याला सोडून द्या. पाहुणे, फोटो, आंघोळ काही नको. वास येत असला तरी आंघोळ आठवडाभर थांबू शकते.

पहिले तीन दिवस अनेक कुत्री नीट खात नाहीत, काही चोवीस तास शीही करत नाहीत. पाणी पीत असेल आणि उलट्या नसतील तर एक दिवस वाट बघा. दोन दिवस काहीच पोटात गेले नाही तर पशुवैद्यांना फोन करा. रात्री त्याला निजायला तुमच्याच खोलीत किंवा दाराबाहेर जागा द्या. परक्या घरात एकट्याने रात्र काढणे त्याला जड जाते, आणि तिथूनच रडणे आणि दार ओरबाडणे सुरू होते.

मोठ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला चौदा-सोळा तास झोप किंवा विसावा लागतो. आश्रयगृहातल्या गोंगाटात तो मिळालेला नसतो. झोपलेल्या कुत्र्याला कोणी हात लावायचा नाही, लांबून हाक मारून उठवायचे. घरातल्या मुलांना हा पहिला नियम सांगा.

शी-शूची सवय गृहीत धरू नका. दर दोन-तीन तासांनी, तसेच झोपेतून उठल्यावर आणि जेवल्यावर एकाच जागी बाहेर न्या, झाले की तिथल्या तिथे खाऊ द्या. आत झाले तर ओरडू नका, एन्झाइमयुक्त द्रावणाने पुसा; वास राहिला तर तो पुन्हा तिथेच करतो.

दत्तक देणाऱ्या संस्थांमध्ये 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' असा एक ठोकताळा आहे: तीन दिवस बावरलेपण, तीन आठवड्यांत दिनक्रम अंगवळणी, तीन महिन्यांत घर आपले वाटणे. प्रत्येक कुत्र्याला हे गणित लागू पडत नाही, पण एका बाबतीत फार उपयोगी आहे. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अचानक भुंकणे, वस्तू पळवणे, खिडकीतून गुरगुरणे सुरू होते आणि घरचे घाबरतात, 'सुरुवातीला किती शांत होता!' तो बिघडलेला नसतो. आता बोलण्याइतका धीर आलेला असतो. शिकवणीला खरी सुरुवात इथून होते.

पशुवैद्यांकडे काय करून घ्यायचे

आठवड्याभरात पहिली भेट व्हावी. पूर्ण तपासणी, रक्त, शीचा नमुना, कान, दात, कातडी, खुबे आणि गुडघे. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया, आणि डासांमुळे होणारे हृदयातले जंत यांची चाचणी पळायला लावण्याआधीच करा. हृदयातल्या जंतांवर उपचार चालू असताना महिनोन्‌महिने कडक विश्रांती लागते. त्या अवस्थेत धावणे जिवावर बेतू शकते. लसींचे कागद नसतील तर पुन्हा लस द्यावी. रेबीजच्या बाबतीत तर तडजोड नकोच.

जातीनुसार काही गोष्टी मुद्दाम विचारा. डॉबरमन आणि बॉक्सरच्या हृदयाची तपासणी. डॉबरमनमध्ये रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी चाचणी. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही जर्मन शेफर्डमध्ये असा जनुकीय दोष असतो, की आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा मोठा डोस त्यांच्या मेंदूवर परिणाम करतो. जंतांचे किंवा खरजेचे औषध मनाने देऊ नका. माणसांची पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीच नाही. चिप असेल तर तिच्यावरचे नाव आणि फोन त्याच दिवशी बदला. नुसती चिप असून भागत नाही, ती नोंद तुमच्यापर्यंत पोचली पाहिजे.

खाणे, आणि पोटाला पडणारा पीळ

पहिला आठवडा आश्रयगृहात जे खात होता तेच द्या. मग सात ते दहा दिवसांत बदला: आधी पाव भाग नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे, मग पाऊण, मग पूर्ण. घाई केली तर जुलाब ठरलेले. ३० किलोच्या, नसबंदी झालेल्या, मध्यम हालचालीच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० किलोकॅलरी लागतात. खाऊ धरून. खाऊचा वाटा दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका. शिकवणीसाठी रोजच्या जेवणातलेच दाणे वापरा. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण लांबून सगळ्या मोजता येऊ नयेत, आणि वरून पाहताना कंबर दिसावी. हाडांचा सापळा झालेला कुत्रा आणला असेल तर प्रेमापोटी ताट भरू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्ल्याने रक्तातले क्षार कोसळतात आणि कुत्रा दगावू शकतो. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेली कोणतीही वस्तू त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ती उंची म्हणजे ओटाच असते.

खोल छातीच्या जातींना, म्हणजे शेफर्ड, डॉबरमन, वायमरनर, ग्रेट डेन यांना एक धोका कायम असतो. जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरून पीळ पडतो. डॉक्टर याला ब्लोट म्हणतात. लक्षणे पाठ करा: उलटीसाठी उमाळे येतात पण काही पडत नाही, लाळ गळते, पोट टणक आणि फुगलेले, कुत्रा एका जागी ठरत नाही, पुन्हापुन्हा पोटाकडे वळून बघतो. हे दिसले की सकाळची वाट बघायची नाही, घरगुती उपाय करायचा नाही, निघायचे. शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत जीव जातो. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठे आहे, हे कुत्रा घरी येण्याआधी शोधून फोन नंबर फ्रीजवर लावा. टाळण्यासाठी: एकच मोठे जेवण न देता दोन किंवा तीन वेळा द्या, हावरट असेल तर सावकाश खायला लावणारे खाचांचे भांडे वापरा, जेवणाआधी तासभर आणि नंतर दीड-दोन तास पळापळ नको. नसबंदी अजून व्हायची असेल तर त्याच वेळी जठर आतून पोटाच्या भिंतीला शिवून घेता येते का, हे विचारा. पीळ पडण्याचा धोका त्याने खूप कमी होतो.

व्यायाम: दमवण्यापेक्षा निववणे

पिंजऱ्यात महिने काढलेल्या कुत्र्याचे स्नायू सुटलेले असतात, तळवे मऊ पडलेले असतात. मन मात्र पळायला तयार असते, आणि तिथेच दुखापत होते. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे, त्याच शांत रस्त्याने, त्याच्या चालीने. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या आणि एक छोटी. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एकूण दीड-दोन तासांपर्यंत जा. पळणे, टेकड्या, पोहणे हे सहा-आठ आठवड्यांनंतर आणि खुबे तपासून. वाढ आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको.

फेरीचा निम्मा वेळ नुसता हुंगण्याला द्या. दोरी सैल सोडा, त्याला झुडपाशी दोन मिनिटे रेंगाळू द्या. वास घेण्याने कुत्र्याचे मन जितके निवते तितके पळण्याने निवत नाही. घरी मूठभर दाणे गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत पसरून शोधायला लावा. दहा मिनिटांच्या शोधानंतर तो आपणहून आडवा होतो.

चेंडू फेकण्याबद्दल जपून. शंभर वेळा फेकलेला चेंडू खांदे आणि गुडघ्याचे बंध झिजवतो, आणि कुत्रा त्या तंद्रीतून तासभर बाहेर येत नाही. दिवसाला दहा-पंधरा फेकी, मध्ये थांबायला आणि सोडायला लावून, पुरे.

उन्हात जमिनीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर तळवे भाजतील. खूप धापणे, लडखडणे, गडद लाल हिरड्या ही उष्माघाताची चिन्हे आहेत. आधी अंगावर साधे गार पाणी ओतत वारा घाला, आणि मगच दवाखाना गाठा. नुसते गाडीत घालून निघालात तर वाटेतच उशीर होतो.

ओढणे, बोलावणे

तो ओढतो कारण ओढले की पोचतो. एवढेच कारण, म्हणून उपायही तिथेच. घरातच सुरू करा. दोरी सैल असताना तुमच्या मांडीशी खाऊ द्या, दोन पावले, पुन्हा खाऊ. दोरी ताणली की थांबा, झटका नको, बोलणे नको. तो वळला, दोरी सैल झाली की पुढे. एका वेळी तीन ते पाच मिनिटे. मग अंगण, मग शांत रस्ता. बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटे हुंगू द्या आणि मग सराव करा, नाहीतर तो ऐकण्याच्या मनःस्थितीतच नसतो. अचानक जोर आला तर दोन्ही हातांनी दोरी पोटाशी धरा, गुडघे किंचित वाकवा. हात लांब ठेवून उभे राहिलात तर पस्तीस किलो तुम्हाला सहज पाडतात. काट्यांचा पट्टा, फास, विजेचा पट्टा यांनी ओढणे थांबल्यासारखे दिसते, पण समोर कुत्रा दिसला की दुखते हेच तो शिकतो, आणि पुढे दिसणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर धावून जातो.

बोलावण्यासाठी नवा शब्द निवडा. जुना शब्द कोणीतरी रागावून वापरून खराब केलेला असतो. घरात दोन मीटरवरून दिवसाला दहा वेळा, प्रत्येक वेळी त्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ. खाऊ एका सेकंदाच्या आत मिळायला हवा, नाहीतर कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. मग लांब दोरीवर. बोलवा, खाऊ द्या, पुन्हा हुंगायला सोडा. आंघोळीसाठी, रागावण्यासाठी किंवा मजा संपवण्यासाठी त्या शब्दाने कधीच बोलावू नका.

गुरगुर आणि राखण

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावू नका. गुरगुर म्हणजे 'थांब, मला हे सोसत नाही' एवढेच. ती दाबली तर भीती जात नाही, सूचना जाते. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. थांबा, अंतर वाढवा, कशामुळे झाले ते टिपून ठेवा.

भांड्यात हात घालून 'सवय' लावण्याचा जुना सल्ला उलटा काम करतो. खाताना दोन-तीन मीटरवरून जाताना भांड्याकडे त्याहून चांगली वस्तू टाका आणि पुढे निघून जा. तुमच्या येण्याने तो आनंदाने मान वर करू लागला की अंतर थोडे कमी करा, काही दिवसांनी आणखी थोडे. ताठ झाला तर मागे या. तोंडातली वस्तू हिसकावू नका, बदल्यात काहीतरी द्या.

कोणाला दात लागलेच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुन्हा तसे घडले, किंवा घरातल्या मुलाच्या बाबतीत घडले, तर कुत्र्यांच्या वर्तनाचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाला बोलवा. आणि हा कुत्रा या घरात सुरक्षित राहू शकत नाही असे दिसले, तर संस्थेला सगळे खरे सांगून परत करणे यात लाज नाही. खरे लपवून दुसऱ्या घरी देणे मात्र कुत्र्यावरही अन्याय आणि त्या घरावरही.

एकटे राहायला शिकवणे

हे सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सुरू करून जमत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दाराबाहेर पाच सेकंद, परत. मग तीस सेकंद, दोन मिनिटे, पुन्हा एक मिनिट, पाच मिनिटे. वेळ दर वेळी वाढवू नका, मध्ये छोटे ठेवा. जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून बघा. बहुतेक घबराट पहिल्या अर्ध्या तासात होते. चाळीस मिनिटे शांत राहू लागला की पुढचे तास लवकर जमतात. दार ओरबाडणे, लाळेची थारोळी, सलग विव्हळणे हा सूड नसतो, ती भीती असते. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडले तर तो दात आणि नखे मोडून घेतो. त्याला मोकळी खोली, सोबत आणि गरज पडल्यास डॉक्टरांचे औषध लागते.

मुले, घरचा कुत्रा, मांजर

लहान मूल आणि नवा मोठा कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय कधीच नकोत, एक मिनिटही. मिठी नाही, अंगावर झुकणे नाही, त्याच्या अंथरुणावर जाणे नाही. कुत्रा अंगावर उडी मारायला आला तर हात छातीशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे, हे मुलांना खेळातून शिकवा.

घरच्या कुत्र्याशी ओळख घराबाहेर करून द्या. दोन माणसे, दोन दोऱ्या, दहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचे. वीस-तीस मिनिटांत दोघे निवळले की अंतर कमी करायचे. समोरासमोर आणून दोरी ताणून धरली तर भांडण जुंपते. घरात आधी सगळी खेळणी, हाडे, भांडी उचला, जेवण वेगळ्या खोल्यांत द्या, आणि निदान दोन आठवडे दोघांना एकटे सोडू नका.

मांजरासाठी उंच जागा आणि कुत्र्याला न जाता येणारी खोली आधी. ओळख जाळीच्या फाटकातून, कुत्रा दोरीवर. मांजर हलताच तो थिजून, टक लावून बघत राहिला आणि खाऊकडेही वळला नाही, तर त्या जोडीचे जमेल अशी आशा धरू नका.

सुटला तर

मागे पळू नका, हाका मारत घोळका जमवू नका. लांबवर पाठमोरे खाली बसा, जमिनीवर खाऊ टाका. दिसेनासा झाला तर सुटला त्या जागी त्याचे अंथरूण आणि तुमचा वापरलेला कपडा ठेवा, पाणी ठेवा, आणि संस्थेला, दवाखान्यांना लगेच कळवा. घाबरलेली कुत्री रात्री शांत झाल्यावर अनेकदा त्याच जागी परत येतात.

दोरी सोडणे

तीन महिन्यांच्या आत नाही. सहा महिने लागले तरी चालतील. लांब दोरीवर, वेगवेगळ्या जागी, समोर दुसरा कुत्रा, पळणारे मूल किंवा पक्षी असताना दहापैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला वळतो का, ते सलग तीन आठवडे तपासा. जमले तर आधी कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत, लांब दोरी हातातून सोडून पण हार्नेसला तशीच घसटत ठेवून. मग दोरी काढून, तिथेच. उघड्या जागेत त्यानंतर, आणि तेही रस्ता नजरेच्या टप्प्यात नसताना. हस्की आणि शिकारी जातीच्या काही कुत्र्यांना उघड्यावर कधीच सोडता येत नाही. त्यांना दहा मीटरच्या दोरीवर रोज तासभर माळावर हुंगत फिरवा.